सात नोझल गळतात

“बाय, टीपकागद दी गो.”

रोज सकाळी मेस्त्री माझ्या टेबलाशी येऊन हात पुढे करायचे. विक्रोळीच्या त्या शेडमधली मी एकुलती एक टायपिस्ट. शाई टिपायला मिळणारे माझे सगळे कागद त्यांच्याच वाट्याला जायचे. मी कुरकुरले तर म्हणायचे, “तुझी शाई वाळता आपसूक. माझा त्याल वाळणा नाय.”

आमच्याकडे बोटींच्या इंजिनांचे नोझल दुरुस्तीला यायचे. नोझल म्हणजे इंजिनात तेलाचा फवारा मारणारा भाग. मेस्त्री तो तपासणीच्या पंपाला लावायचे, खाली टीपकागद धरायचे आणि दांडा दाबायचे. डाग भाकरीसारखा गोल उमटला की नोझल पास. मध्येच टपकन थेंब पडला, म्हणजे गळतंय. मग बोट तेलही जास्त पिणार आणि धूरही काळा ओकणार. “धूर म्हंजे नाय जळलेला त्याल” हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की एकदा शेठच्या पत्रात मी तेच टाइप करून बसले.

तरुणपणी ते प्रवासी बोटीच्या इंजिनावर कामाला होते. एकदा वर डेकवर आले, तर एका बाईंच्या पांढऱ्या पातळावर काळे ठिपके. बाई आभाळाकडे बघत कावळ्यांना शिव्या देत होत्या. “भर समुद्रात कावळे खयचे?” मेस्त्री सांगायचे. “आमच्याच धुराची काजळी ती. माका लाज वाटली गो.” ती लाज त्यांनी कधी अंगावरून झटकली नाही.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुसऱ्याच्या कामातली खोट याला झोपू देत नाही. एकदा मी बरोबर असताना घाटकोपरच्या सिग्नलला धूर सोडणाऱ्या ट्रकच्या दारावर मेस्त्रींनी छत्री आपटली होती. “नोझल गळतंय तुझं!” ड्रायव्हर म्हणाला, “तुमको क्या?” मेस्त्री म्हणाले, “नाक माझं आहे ना!” सिग्नल सुटला, मागे भोंगे वाजायला लागले, तरी हे हलेनात. शेवटी मीच त्यांना ओढून फुटपाथवर आणलं.

मग एकदा सहलीच्या मोठ्या बोटीचे बारा नोझल आले. बोट दोन दिवसांत सुटायची होती. मेस्त्रींनी तपासले, बारातले सात गळत होते. हातांनी घासून नीट करायला त्यांना चार दिवस हवे होते.

“चार दिवस? वाट लागेल माझी,” शेठ म्हणाले. “वरून पुसा आणि पासची सही करा. समुद्रात धूर बघायला कोण बसलंय?”

“समुद्रातच तर लोक बसलेत, शेठ. बायका, पोरं. सही नाय होणार.”

“मग उद्यापासून पॅकिंगला बसा.”

शेडमधल्या सगळ्यात जाणत्या माणसाला खोकी भरायला बसवलं. मला इतका राग आला की त्या दिवशी टाइपरायटरच्या रिबिनीला दोन भोकं पडली. मेस्त्री मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी घेऊन पॅकिंगला बसले. तेच बारा नोझल पुसूनबिसून चकाचक होऊन त्यांच्यासमोर आले. मेस्त्रींनी पाच खोक्यात ठेवले आणि सात बाहेर काढून रांगेत मांडले. शेठ धावत आले.

“खिळे मारा, मेस्त्री!”

“गळक्या मालावर मी खिळा मारत नाय.”

“तुम्हाला नोकरी करायची आहे की नाही?”

“करायचीय ना. तीच करतोय.”

शेठनी दाराकडे बोट दाखवलं. मेस्त्रींनी हातोडी जागेवर ठेवली, डबा उचलला आणि माझ्या टेबलाशी क्षणभर थांबले. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलतील. म्हणाले, “जेवलंस काय गो?” आणि गेले. शेठनी दुपारीच भांडुपला त्यांच्या घरी निरोप पाठवला असता तर कदाचित ते आले असते. आठवडा उलटल्यावर मी त्यांच्या चाळीत गेले, तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गावी गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

पण ते गेले त्याच दिवशीचं अजून सांगायचं आहे. खोक्याबरोबर तपासणीचं कार्ड जावं लागे, आणि ते टाइप करायचं काम माझं. शेठ म्हणाले, “बारा पास.” मी टाइप केलं: पाच पास, सात गळतात. खाली सहीला माणूस नव्हता, म्हणून माझीच सही ठोकली.

शेठनी कार्ड वाचलं. “तुला नोझलमधलं काय कळतं गं?”

“काही नाही. ज्यांना कळतं, त्यांना तुम्ही आत्ताच घरी पाठवलंत.”

त्यांनी कार्ड टराटरा फाडलं. मी मशीनमध्ये दुसरं कार्ड घातलं आणि पुन्हा तेच टाइप करायला लागले.