पाटणकर मॅडमचा विरोध मी लिहिला नाही

पाटणकर मॅडम आज सकाळी गेल्या. मी त्यांना फसवलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

इथे हिंदी मुलखात, एमपी नगरमधल्या आमच्या कंपनीच्या बोर्डावर त्या एकट्या बाई. कायद्याने एक तरी बाई लागते, म्हणून घेतलेल्या.

सरकारी पाणी खात्यातून रिटायर झालेल्या इंजिनियर. माहेर नागपूरचं, घर इथेच नेहरू नगरला.

साहेब लोकांना वाटलं, बाई येईल, चहा पिईल, फोटोत उभी राहील.

बाईंनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, "प्लांट का पानी जाता कहाँ है?"

कुणालाच सांगता येईना. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं हो!

तोवर आमचा दरवर्षीचा पर्यावरणाचा, सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे वृक्षारोपणाचे फोटो आणि गुळगुळीत इंग्रजी. मॅडम आल्या आणि दोन वर्षं त्यात खरं छापून आलं. वाईट होतं तेसुद्धा.

एका बाईने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी ते दोन रिपोर्ट काढून वाचावेत.

तिसऱ्या वर्षी प्लांटच्या खालच्या गावातल्या बोअरवेलचे लॅब रिपोर्ट आले. पाणी पिण्यालायक नव्हतं.

ते पान रिपोर्टच्या ड्राफ्टमधून गायब झालं.

मॅडम मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"ये पन्ना निकालोगे, तो मेरा विरोध मिनिट्स में लिखिए."

चेअरमन हसले. "अरे मॅडम, आप तो हमारे बोर्ड की शान हैं. बैठिए ना."

बोर्डाचे मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, मी लिहिते. त्यात येतं ते झालं, येत नाही ते झालंच नाही. आमचं काम असं चालतं.

मीटिंग संपल्यावर माझे बॉस म्हणाले, "सर्वसम्मति से पारित, लिख दो. बात खतम."

माझं नोकरीतलं कन्फर्मेशन बाकी होतं. मी लिहिलं.

मिनिट्सचा ड्राफ्ट सगळ्या डायरेक्टर्सना जातो. सात दिवसांत हरकत घ्यायची, नाहीतर तो पक्का. मॅडम त्या आठवड्यात केमोसाठी ॲडमिट होत्या.

तरी त्यांचा फोन आला.

"अगं, तुझा ड्राफ्ट आलाय. पण डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात गं माझ्या. विरोध लिहिलायस ना?"

"हो मॅडम."

"मग झालं. तू आहेस तर मी कशाला वाचू?"

बोर्डरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. चहाच्या सुट्टीत त्या माझ्याशी पोह्यांपासून पाइपलाइनपर्यंत काहीही बोलायच्या. त्यांनी मला आपलं मानलं, एवढीच त्यांची चूक.

सात दिवसांत कुणाचीच हरकत आली नाही. आठव्या दिवशी मिनिट्स पक्के झाले.

रिपोर्ट छापून आला. बोअरवेलचं पान नाही. बोर्डाच्या विविधतेवर मात्र अख्खं पान, आणि त्यावर मॅडमचा मोठा फोटो. त्या पानाचं केवढं कौतुक झालं! मी ईमेलवर थँक यू लिहीत बसले होते.

मॅडम पुन्हा मीटिंगला आल्याच नाहीत. मी भेटायलाही गेले नाही. लाज वाटत होती, खरं सांगते.

आज गेले. उशीरच झाला.

मॅडमचे यजमान, पाटणकर काका, दारातच उभे होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तूच का ती? शेवटच्या दिवसांतही सांगायची ती, बोर्डात माझं कुणी ऐकलं नाही, पण त्या मुलीने माझं म्हणणं कागदावर ठेवलं. उद्या कुणी विचारलं तर सापडेल."

मी होकारार्थी मान हलवली. म्हणजे आज पुन्हा खोटं बोलले, मॅडम आत असताना.

काका, तुम्ही फेसबुकवर आहात. हे वाचाल.

कागदावर काही नाही. त्या गावातले लोक अजून तेच पाणी पितात.

मॅडमनी विरोध केला होता. भर बोर्डात, एकटीने. मी समोर बसून ऐकला आणि लिहिला नाही.

मॅडम, तुम्हाला शेवटचा नमस्कार. माफी मागायचं तोंड मला उरलेलं नाही.