बोरिंगचा रंग

मोहाडीजवळच्या एका गावात मी आरोग्यसेविका होते. शाळेमागच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, तेव्हा मीच उभी राहून तिला लाल रंग लावून घेतला. लाल बोरिंगचं पाणी प्यायचं नाही, हे मी दारोदार सांगत फिरले. बायांनी ऐकलं. प्यायला लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या.

मग आरोग्य, पाणीपुरवठा, शाळा, शेती अशा सगळ्या विभागांची एकत्र पाहणी ठरली. मला केवढा आनंद झाला! वाटलं, आता तरी सगळे मिळून नळाचं काहीतरी करतील. पाहुणे येणार म्हणून पंचायतीनं शाळेची भिंत निळी केली आणि उरलेला रंग बोरिंगला फासला.

मी पाहिलं तोवर गाड्या येऊन उभ्या होत्या. बोरिंग पुन्हा लाल करा म्हटलं, तर माझ्या साहेबांनी मला पाणीपुरवठ्याकडे पाठवलं. पाणीपुरवठावाल्यांनी पंचायतीकडे बोट दाखवलं. पंचायतवाले म्हणाले, "मॅडम, पाहुणे तं जाऊ द्या." अस्सा संताप आला! पण निळ्या बोरिंगपुढे सगळ्यांचा फोटो निघाला, तेव्हा मीही त्यात उभी राहिले.

गाड्या गेल्या आणि शेजारची बाई पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली. "बरं झालं बाई, साहेबायनं पानी चांगलं करून देलं. लय दूर जा लागत होतं मले." तिनं बोरिंग हापसली, लोटा भरला आणि आधी माझ्यापुढे धरला.

"घ्या, लालचं पेऊ नका म्हून तुमीच सांगत होत्या ना सगळ्यायले."