बेटावरची वामकुक्षी

बॅकपॅकिंग हे खूळ आमच्यात मी आणलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कोपरीवाला म्हणेल त्याचीच आयडिया होती. पंचेचाळिशी ओलांडलेली तीन माणसं, तिघांत मिळून जेमतेम तीन धड गुडघे, आणि पाठीला पिशव्या अडकवून अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर हिंडायचं. टूरवाला नाही, पहाटे दार ठोठावणारा मॅनेजर नाही, बसमध्ये अंताक्षरी नाही. मोबाइलवर कुणीतरी असं हिंडताना मी बघितलेलं. त्यातली सगळी पोरं पंचविशीची होती आणि एकालाही पित्ताचा त्रास नव्हता, इकडे माझं लक्ष गेलं नाही.

तिघांतला मी डोंबिवलीचा. कोपरीवाला ठाण्यातल्या कोपरीच्या जुन्या घरातला. त्याच्या आजोबांची खाडीला लागून मिठागरं होती. आता मीठ गेलं, तिथे इमारती आल्या आणि ह्याच्या गळ्यात जाडजूड साखळी आली. तिसरा वर्तकनगरचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायला बसतो. केसाएवढा फरक असला तरी तो भाग बाजूला काढायचा, हे त्याचं काम. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच सरांकडून हाकलले जायचो.

खरं म्हणजे ट्रिप ह्या तिसऱ्यासाठीच होती. एका रविवारी ठाण्यात मिसळ खाताना त्याने सांगितलं, की त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय. बरं होण्यातलं नाही. कडेकडेने दिसेनासं होत जाणार, आणि अंधार पडला की आत्ताच काही दिसत नाही. “पाइपातून बघितल्यासारखं दिसतं, आणि पाइप बारीक होत जाणारे,” एवढं बोलून त्याने जादा पाव मागवला. किती वर्षं, ते डॉक्टर सांगत नव्हते. त्याच्या आईने मग ज्योतिषी गाठला आणि त्याने पोवळ्याची अंगठी घालायला लावली. मंगळाचा आणि डोळ्याच्या पडद्याचा काय संबंध, असं मी तावातावाने विचारलं. तो म्हणाला, काही नाही, पण त्यामुळे आईला रात्रीची झोप लागते. मग अंगठी बोटातल्या बोटात फिरवत म्हणाला, हे म्हणे समुद्रात जिवंत असतं. ते एकदा नीट बघायचंय. उन्हात, जवळून.

एवढंच. पुन्हा त्याने विषय काढला नाही. मी एरवी तोंडाळ माणूस, पण अशा वेळी काय बोलायचं ते मला कळत नाही. मला रडू यायला लागलेलं, ते लपवायला मी अंदमान काढलं. त्याला पोहता येत नाही, म्हणून ओहोटीला चालत जाऊन प्रवाळ बघता येईल असं बेट मी शोधलं. सगळा कार्यक्रम मी आखला, विमानं मी बघितली, बोट मी बघितली. माझ्याइतकं शहाणं कोणी नव्हतंच.

दिवस मात्र जेमतेम चार मिळाले. कारण शनिवारी कोपरीवाल्याच्या भाच्याची हळद. त्यांच्यात एक वेळ लग्न चुकवलेलं चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. हिशेब करता बेटावर एक दुपार, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची परतीची बोट, एवढंच हातात राहिलं. एक दुपार पुष्कळ झाली, असं मीच म्हटलेलं.

हलकं सामान घ्यायचं, हा बॅकपॅकिंगचा पहिला नियम मी दोघांना तीनतीनदा ऐकवला. माझ्या पिशवीत बायकोने थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दोन प्रकारचा चिवडा, डिंकाचे लाडू आणि एक स्वेटर भरला. स्वेटर कशाला म्हणून मी भांडलो, तर म्हणाली, बेट म्हणजे वारा असणारच. कोपरीवाल्याने पिशवी न आणता चाकांची बॅग आणली आणि तिच्यात सुकट आणली. समुद्राच्या मधोमध, जिथे ताज्या माशांशिवाय दुसरं काही मिळत नाही, तिथे हा गडी ठाण्याहून सुकट घेऊन निघालेला. तिथली मासळी कशी असंल कुनास ठाऊक, असं त्याचं म्हणणं. पुढचे दोन दिवस मी त्याला सुकटीवरून छळलं; विमानतळावरच तो माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला. वर्तकनगरवाल्याकडे तेवढी एक छोटी, शहाण्यासारखी भरलेली पिशवी होती. त्याने ती स्वतः भरलेली.

पोर्ट ब्लेअरला पोचलो त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधारून आलं. आभाळात ढग होते. मी वर बघितलं आणि जोरदार पाऊस येतोय असं जाहीर करून दोघांना खोलीत कोंबलं. पाऊस आला नाही. अंधार मात्र गेला नाही. ह्यावर एखाद्या साध्या माणसाने विचार केला असता. मी जेवायला काय मिळेल ह्याचा विचार केला.

दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर गेलो. पोचेपर्यंत साडेअकरा वाजलेले. सुपारीच्या बागेत दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, आणि आमची मालकीण म्हणजे पन्नाशीची एक बंगाली बाई. तिला आम्ही दीदी म्हणायला लागलो. तिने वाढलेलं माशाचं कालवण आणि भात मी तीनदा मागून घेतला. कोपरीवाल्याने पाचदा घेतला. सुकटीचं नावही त्याने काढलं नाही. जेवण झाल्यावर दीदीने पोवळ्यांचं सांगितलं, “दादा, मूँगा देखना है तो तीन बजे निकल जाना.” ओहोटी पावणेपाचच्या आसपास आहे हे मी आधीच विचारून ठेवलेलं, त्यामुळे मी हसलो. तीनला निघून काय पाण्याची वाट बघत उन्हात तळायचं? मी तिला समजावलं, की आम्ही चारला चहा घेऊन आरामात निघू. साडेसहापर्यंत उजेड असतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलली. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार.

आणि मग आम्ही झोपलो. डोंबिवलीत दुपारी एक ते चार ह्या वेळेत बेल वाजवणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही. जगाच्या पाठीवर कुठेही गेलो तरी पोटभर भात झाला की डाव्या कुशीवर वळायचं, हे आमच्या रक्तात आहे. अर्धा भारत ओलांडून, एका जन्मात एकदा येणाऱ्या दुपारी, समुद्र दहा पावलांवर असताना, मी आणि कोपरीवाला पंखा पाचावर लावून घोरत पडलो. मी उठलो तेव्हा चार वाजून गेलेले. वर्तकनगरवाला व्हरांड्यात सँडल घालून, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेला. झोपला नाहीस का, असं मी विचारलं. नाही लागली म्हणाला. मी चहा सांगितला. चहासोबत चिवडाही काढला, कारण तो ओझं झालेला. कोपरीवाल्याने दुसरा कप मागितला.

साडेचारला निघालो. प्रवाळाच्या किनाऱ्याची वाट पाऊण तासाची, बागांमधून जाणारी. अर्ध्या वाटेवर उजेड तांबूस झाला. मी म्हटलं, काय सुंदर रंग पडलाय. फोटो काढायला थांबलो. पुन्हा चालायला लागलो तर माझ्या मागे वर्तकनगरवाल्याची पावलं आखडलेली. तो मुळाला अडखळला, मग पुन्हा एकदा अडखळला. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या पिशवीचा पट्टा धरला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तेवढाच एक प्रकाश तिथे शिल्लक होता.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वापाच झालेले आणि सूर्य कधीच गेलेला. पाणी मात्र छान उतरलेलं. खडकांमधली डबकी उघडी पडलेली. माझं काय म्हणणं होतं, तर देश एक, घड्याळ एक, म्हणजे सूर्यसुद्धा डोंबिवलीच्या वेळापत्रकाने बुडणार. तो इथे तास-दीड तास आधी येतो आणि तास-दीड तास आधी जातो, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. मी मोबाइलचा टॉर्च लावला, तर पाण्यात टॉर्चच दिसला. कोपरीवाला वाकून वाकून सांगायला लागला, हे हिरवट हाय, ह्या बाजूला जांभळं हाय. आम्हा दोघांना अजून पुसट का होईना दिसत होतं. वर्तकनगरवाला गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. “दिसतंय थोडं,” म्हणाला. तो बघत होता तिथे नुसती वाळू होती.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी दीदीवर घसरलो. बाईने नीट सांगायला नको का, नुसतं तीन वाजता निघा म्हणजे काय, कारण नको का द्यायला, असं बरंच बडबडलो. परत जाताना सबंध वाट पट्ट्याला ओढ बसत होती आणि मी मोठा दगड आला की “दगड” म्हणत होतो.

रात्री जेवायला बसलो. दीदीने विचारलं, देखा? मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं. इथे पाच वाजता दिवस संपतो हे सांगायची गोष्ट असते असं तिला वाटलंच नव्हतं. तुमच्याकडे नाही का संपत, असं तिने विचारलं. बिचारी खरोखरच विचारत होती. मी मान खाली घालून भात कालवत बसलो. एक दुपार पुष्कळ झाली म्हणणारा मीच, आणि ती दुपार घोरत घालवणाराही मीच.

मग दोन दिवस सुकटीवरून बोलणी खाल्लेला माणूस हात धुऊन आला आणि टॉवेलला पुसत म्हणाला, “पानी आता उतरलं व्हतं ना? मंग पहाटं परत उतरल. पाच-सव्वापाचला. बोट नऊला हाय.” दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, हे खाडीकाठी वाढलेल्याला सांगावं लागत नाही. लवकर बुडणारा सूर्य लवकर उगवणार, एवढं मग मलासुद्धा सुचलं. मी त्याला मिठी मारली, तर म्हणाला, सोड, कालवणाचा वास येतोय.

त्या रात्री मी झोपलो नाही. मुद्दामच. करड्या उजेडात निघालो, पट्टा धरून, हळूहळू. किनाऱ्यावर पोचलो आणि सूर्य वर आला. दीदीने बजावलेलं, की जिवंतावर पाय द्यायचा नाही, वाळूच्या पट्ट्यातूनच चालायचं. तसं जाऊन परातीएवढ्या एका डबक्यापाशी वर्तकनगरवाला उकिडवा बसला. अंगठीतल्यासारखं लाल तिथे काहीच नव्हतं. बरंचसं मोहरीच्या रंगाचं, फांद्याफांद्यांचं, टोकं तेवढी जांभळी. मी मनातल्या मनात चरफडलो. एवढ्यासाठी आलो का आपण?

तो मात्र कामाला बसल्यासारखा बसला. एका कडेने सुरुवात केली आणि मान किंचित किंचित हलवत डबकं तपासत गेला. त्याच्या पाइपात एका वेळी वाटीएवढंच मावत असणार. एक वाटी झाली की पुढची वाटी. अर्ध्या तासाने त्याने मला बोलावलं. टोकाला बघ, म्हणाला, केसांसारखं काहीतरी हलतंय, ते खातंय. मला दोन धड डोळे असून काही दिसेना. त्याने माझं बोट धरून पाण्यावर नेमक्या जागी नेलं, तेव्हा दिसलं. इवलंसं, पांढुरकं, मिटत होतं आणि उघडत होतं. तो हसत होता. इतका खूश झालेला तो मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

कोपरीवाला लांब, पाण्याच्या कडेने फिरत होता. ती संधी साधून मी घसा साफ केला आणि काल जे झालं ते माझ्यामुळे झालं, असं म्हणालो. असं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे ते नोटीस वाचून दाखवल्यासारखं आलं.

“मला माहीत होतं,” तो डबक्यातून नजर न काढता म्हणाला. “पाचला मावळतो ते. कुठेही जायचं झालं की मी आता तेवढंच आधी बघून ठेवतो.”

मी विचारलं, मग बोंबलला का नाहीस?

“दोनदा आलेलो खोलीत. गाढ झोपलेलात दोघे.” मान त्याने पुढच्या फांदीकडे वळवली. “पुढे सगळ्यासाठी कुणाला ना कुणाला उठवायलाच लागणारे रे. म्हटलं, आत्तापासून नको.”

माझं डोकं फिरलं. ज्या उन्हासाठी एवढी यातायात केली, ते ऊन हा माणूस आमच्या झोपेपायी व्हरांड्यात बसून जाऊ देत होता. मी त्याला चारचौघांत देता येणार नाही अशी शिवी दिली. पुढच्या वेळी लाथ घालून उठव, म्हणालो, ऐकतोयस ना, लाथ घाल. आवाज चढला तसा कोपरीवाल्याने लांबून वळून बघितलं. वर्तकनगरवाला “बरं” म्हणाला आणि पुढच्या वाटीकडे वळला. त्याचं हे बरं मी पंचवीस वर्षांहून जास्त ऐकतोय. तो उठवणार नाही.