चिकटवलेलं पान

दादरच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका बाईंकडे मी काळोखाला घाबरणाऱ्या लेकीसाठी चित्रांचं पुस्तक मागितलं. त्यांनी एक काढलं, शेवटची दोन पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली आणि वर मूठ दाबून धरली.

"अहो, पुस्तक खराब कशाला करताय?" मी चिडलो.

"आत सूर्य उगवतो. उजेडात कोणीही शूर होतं, दादा. पोरीला काळोखातच उभं राहू द्या."

घरी गोष्ट रोज काळ्याकुट्ट पानावर संपायची. आठवड्याने लेक दिवा गेलेल्या पॅसेजमधून चाळीच्या टोकाच्या संडासाला एकटी जाऊन आली. बक्षीस म्हणून, "आत सूर्य आहे बघ," असं सांगत मी ते पान सोडवायला घेतलं.

तिने पुस्तक हिसकावलं. "राहू दे. सूर्य रोजच बघते मी."