बर्फाआधीची खुर्ची

आमच्या शाळेचे पीटीचे कदम सर मागे लागले नसते, तर मी इथे परदेशात, मॉसन लेक्सला शिकायला आलोच नसतो. काल शेजारचा माणूस त्याच्या गॅरेजमध्ये स्कीला, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना, गरम मेण लावत होता. ते पाहून लॉकडाऊनमधले दिवस आठवले.

मला युनिव्हर्सिटीच्या स्की टीममध्ये जायचं होतं. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. निदान शिफारस तरी हवी, म्हणून सरांकडून चारित्र्याचा दाखला मागवला. सरांनी बंद शाळा उघडायला लावून त्यावर शिक्का मारला आणि गावभर सांगितलं, आपला मुलगा बर्फावर खेळणार!

व्हिडिओ कॉलवर कॅप्टन एमा दाखल्याकडे बघतच राहिली. "हे कशाला? फॉर्म भरलास ना? झालास तू टीममध्ये, मित्रा."

"आणि चाचणी? बर्फ?"

"बर्फ शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात. राज्याची बॉर्डर बंद. तोवर मांड्या मजबूत करायला सगळ्यांनी घरीच भिंतीला टेकून, गुडघे वाकवून बसायचं."

अस्सा वैतागलो! भिंतीशी तसं बसून माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि रूममेट सचिन भाजी परतत हसत होता. "अरे, ही तर शाळेतली खुर्चीची शिक्षा! एवढ्यासाठी विमानात बसलास?"

आता वाटतं, चिडायचं काही कारण नव्हतं. पण तेव्हा सरांना काय कळवावं हेच सुचेना. शेवटी खरं तेच लिहिलं:

"आदरणीय सर, निवड झाली. बर्फ अजून पाहिलेला नाही. तुम्ही द्यायचात ती खुर्चीची शिक्षा इथे सराव म्हणून करतो. संपूर्ण टीममध्ये सगळ्यात जास्त वेळ मीच टिकतो."