आत्याची पाव वळशाची चूक

माझी आत्या चौतीस वर्षं लोकांचे दात बनवत होती. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून कवळ्या घडवायची. गल्लीतले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं ती स्वतःच सांगते आणि सांगताना जराही लाजत नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर "वेळ मिळाला नाही" म्हणते. पुढे विचारायची कुणाची छाती होत नाही.

बावन्नाव्या वर्षी तिने गाडी घेतली. तीही कसली, तर दोन सीटची, कापडी छत मागे दुमडून उघडी करता येणारी, जुनी स्पोर्ट्स कार. इंजिन वेगळं आणि बाकीची गाडी वेगळी, अशी ती दोन खेपांत घरी आली. घरच्यांनी कपाळाला हात लावला. माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, म्हणाले, "ताई, या वयात माणसं गुडघे सांभाळतात." आत्या म्हणाली, "मग तू सांभाळ." पुढची दोन वर्षं ती घराखालच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक शेजारी उघडं ठेवून इंजिन जोडत बसली होती.

गाडीत तिचा धंदा जागोजागी दिसतो. मागची प्लास्टिकची खिडकी धुरकट झाली की कवळ्यांना चकाकी आणायच्या पेस्टने ती घासून काढते. गिअरची मूठ तुटली तेव्हा तिने कवळीच्याच मसाल्याची नवी ओतली, हिरडीसारखी गुलाबी. ती मूठ हातात धरायला पाहुण्यांना कसंतरीच होतं. बरंच आहे, असं आत्याचं मत, कुणी गाडी मागायला येत नाही. छताची शिवण उसवली तर जाड सुई घेऊन स्वतःच बसते. अशी ती गाडी अकरा वर्षं चालली.

यंदा आत्या बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. पडली बाथरूममध्ये, पण घरात दोष लागला गाडीला. सतत त्या लोखंडावर वाकून हाडं कमकुवत झाली, असं माझ्या काकूने जाहीर केलं. हाडांच्या डॉक्टरांना हा शोध अजून लागलेला नाही. आत्या सहा आठवडे हॉस्पिटलात होती.

बाबांचं मन वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. ताई घरी येईल तेव्हा तिला गाडी झकास तयार मिळावी, म्हणून त्यांनी चौकातल्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने तेल बदललं, प्लग बदलले, कडक झालेल्या वायरी काढून नव्या घातल्या. त्यानंतर गाडी सुरू व्हायचं नाव घेईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन एकदा खोकायचं, फटाक आवाज यायचा आणि सगळं गप्प. मिस्त्री म्हणाला, इंजिन संपलं. बाबा घाबरले. आपण मिस्त्री आणला होता, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. "उभी राहून बिघडली," एवढंच त्यांनी आत्याला हॉस्पिटलात जाऊन सांगितलं आणि वर सुचवलं की आता विकून टाकू. आत्याचं डोकं फिरलं. "सुरू होत नसेल तर खुशाल ने," ती ओरडली. बाबांनी तो शब्द झेलला आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाला शनिवारी चार वाजता यायला सांगितलं.

गुरुवारी आत्या वॉकर घेऊन घरी आली.

"गाडी तुझी आहे. सरळ नाही म्हण ना," मी म्हटलं.

"शब्द दिलाय. आणि बंद गाडी ठेवून करू काय? कुंड्या लावू तिच्यात?"

"मग?"

"मग सुरू करायची. तू वाक, मी सांगते."

शुक्रवारचा अख्खा दिवस ती स्वयंपाकघरातली खुर्ची गॅरेजमध्ये मांडून बसली आणि मी बॉनेटखाली डोकं घालून उभी. तिचा दात तपासायचा छोटा आरसा माझ्या हातात. पेट्रोल येतंय का, बघ. येतंय. ठिणगी पडते का, बघ. पडते. मग आता काय मुहूर्त हवाय हिला, असं ती गाडीला उद्देशून म्हणाली. संध्याकाळपर्यंत माझी मान धरली आणि आत्याचा चेहरा उतरला. मी तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मला बाबांचा, काकूचा, त्या सुटे भाग विकणाऱ्याचा, सगळ्यांचा राग आला.

शनिवारी दुपारी ती वॉकरवर रेलून पहिल्यांदाच बॉनेटपाशी येऊन उभी राहिली.

"या वायरी कुणाच्या?"

"गाडीच्या," मी म्हटलं.

"माझ्या लाल होत्या. या काळ्या आहेत."

मी जिन्यावरून बाबांना हाक मारली. ते खाली आले, वायरींकडे पाहिलं आणि मिस्त्रीचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. "पण ताई, त्याने एकही गोष्ट मनाने केली नाही. तुझ्याच पुस्तकातलं चित्र समोर ठेवून लावल्यात वायरी."

"चित्रात आहेत तशा?"

"अगदी तशाच."

आता स्फोट होणार म्हणून मी मागे सरकले. पण आत्या लाल झाली ती रागाने नव्हे. बाबांना तिने वर पाठवलं, मला दार लावायला सांगितलं आणि खुर्चीत बसली.

मग कळलं ते असं. इंजिनाच्या चार सिलिंडरांना ठिणगी नेणाऱ्या चार वायरी एका गोल टोपीतून निघतात. टोपीखाली एक दांडा फिरतो आणि आळीपाळीने एकेका वायरीला ठिणगी देतो. अकरा वर्षांपूर्वी तो दांडा बसवताना आत्या पाव वळसा चुकली होती. चूक लक्षात आली तेव्हा सगळं इंजिन जोडून झालं होतं. पुन्हा उकलण्याऐवजी तिने चारही वायरी टोपीवर एकेक घर पुढे सरकवल्या. गाडी सुरू झाली आणि तिने तोंड शिवलं. केसाएवढं अंतर बोटाने ओळखणारी बाई पाव वळसा चुकली, हे तिला कुणाला सांगवलं नव्हतं. एरवी कशालाच न लाजणारी माझी आत्या अकरा वर्षं ही एक लाज टोपीखाली झाकून गाडी चालवत होती.

"मग आत्ता सरकवते," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम. कुणाला कळायचंही नाही."

तिने वॉकरच्या टोकाने माझा हात टोपीवरून बाजूला सारला. "नको," म्हणाली. "मी गुपचूप केलं म्हणूनच हे झालं. चार वाजू देत."

"आणि सगळ्यांसमोर नाही सुरू झाली तर?"

"तर शब्द दिलाय."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. वॉकर होता म्हणून सोडलं.

चार वाजता सुटे भाग विकणाऱ्याचा ट्रक येऊन फाटकासमोर उभा राहिला. गाडी चढवायला मदत म्हणून बाबांनी मिस्त्रीलाही बोलावलं होतं. काकू जिन्यात उभी होती. आत्याने वॉकरवरचे हात घट्ट केले आणि वर्गात सांगावं तशा आवाजात सगळं सांगितलं: दांडा, पाव वळसा, सरकवलेल्या वायरी, अकरा वर्षं. बाबा तोंड उघडं टाकून ऐकत होते. मी एकेक वायर उपटून पुढच्या घरात बसवायला लागले.

मिस्त्री हसला. "मॅडम, हे पुस्तकाच्या उलट होतंय."

"दात पुस्तकाप्रमाणे बसवले तर कुणाला घासभर चावता येणार नाही," आत्या म्हणाली. "शेवटची दाबून बसव गं."

मी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. सुटे भागवाल्याने घड्याळात पाहिलं. दुसऱ्यांदा फिरवली, तेच. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, तिची नजर इंजिनावर होती.

"चोक आत ढकल आणि पाय काढ पेडलवरून," ती शांतपणे म्हणाली. "पेट्रोल पाजून पाजून मारशील."

तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत. गॅरेज धुराने भरलं, काकू खोकत वर पळाली आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

"ताई, मला सांगायचं तरी," बाबा म्हणाले.

"तू मला सांगितलंस?"

मिस्त्रीने वाकून इंजिन नीट ऐकलं. माणूस प्रामाणिक होता, त्याने मान डोलावली. "सुरेख चालतंय. आता एक दिवस द्या मला. दांडा काढून सरळ बसवतो, म्हणजे सगळं कायमचं बरोबर होईल."

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे आणि ती चालतेय."

तिने बाबांच्या हातात वॉकर दिला, दाराला धरून स्वतःला माझ्या शेजारच्या सीटवर उतरवलं आणि दुखलं तेव्हा ओठ दाताखाली दाबला, पण हूं की चूं केलं नाही. मग छताच्या कड्या सोडल्या.

"त्या ट्रकला बाजूला घ्यायला सांग," ती भावाला म्हणाली. "माझी गाडी बाहेर निघतेय."