मोटारी बंद झाल्या तेव्हा

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला, म्हणजे माझ्या घरापर्यंत, पाणी चढतच नसे. महापालिकेत मी घसा फोडून भांडलो. रस्ता मी स्वतःच्या खर्चाने खणून देतो, तुम्ही नवी पाइप तेवढी टाका, असा सौदाही करून पाहिला. शेजारी नेहमी सोबत यायचे. समोरचे काका तर माझ्यापेक्षा मोठ्याने घोषणा द्यायचे.

नव्या अभियंता बाईंनी काहीच खणलं नाही. पाणी सुटायच्या वेळी त्यांनी फक्त गल्लीची वीज बंद करायला लावली. घरोघरी नळाला चोरून जोडलेल्या मोटारी थांबल्या आणि माझ्या नळाला धो धो पाणी आलं. बादली लावायचंही मला सुचेना. इतकी वर्षं माझं पाणी माझ्याबरोबर मोर्चाला येणारेच ओढत होते!

काका तणतणत आले. "ओ बाई, लाइट कुणाला विचारून घालवली?" मग माझ्याकडे वळले. "मालक, सांगा की यांना. शेजारधर्म हाय का न्हाय?"

बाईंनी मला विचारलं, "दर वेळी बंद करू?"

"करा!" मी ओरडलो. मग बादली नळाखाली सरकवली. काका माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे.